नाखव्याच्या गाडीचं नवं स्टेअरिंग

स्पेअर पार्टच्या दुकानात दोन गोष्टी साठत जातात. एक म्हणजे जुन्या गाड्यांचे पार्ट, जे आता कुणी विचारत नाही. आणि दुसरी म्हणजे किस्से. पार्टांचं निदान बरं असतं, अधूनमधून भंगारवाला येतो आणि पोतं भरून घेऊन जातो. किश्शांना भंगारवालाही हात लावत नाही! गाडी दुरुस्त होऊन रस्त्याला लागते, मालक ती दुसरीकडे कुठेतरी बिघडवायला मोकळा होतो, पण काउंटरवर कोपर टेकून तो जे सांगून गेला ते माझ्याच डोक्यात पडून राहतं. आता डोक्यात जागा उरलेली नाही, तेव्हा थोडा माल तुमच्याकडे पाठवते.

सगळे सांगत बसले तर दुकान उघडायला कोण जाणार? म्हणून एकाच गाडीचे सांगते.

*

आधी माझी ओळख करून देते, कारण ती स्वतःच एक किस्सा आहे.

दुकान अलिबागला, माझ्या सासऱ्यांनी काढलेलं. सासऱ्यांनंतर ते त्यांच्या मुलाने चालवायचं, पण मुलगा म्हणजे आमचे हे, शाळेत मराठी शिकवायचे. संधी-समास सोडले तर ह्यांना काही सोडवता येत नाही, साधा नटसुद्धा नाही. त्यामुळे काउंटरवर मी बसले ती आजतागायत.

एकदा एक ड्रायव्हर आला. माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाला, "शेठ न्हायत काय?"

"मी आहे ना, बोला."

"तसं न्हाय मॅडम, जरा टेक्निकल हाय."

मी सरळ आत हाक मारली. हे चष्मा कपाळावर सारत, हातात पेपर घेऊन बाहेर आले.

"शेठ, टाय-रॉडचा एंड हाय का? डाव्या साईडचा?"

ह्यांनी गंभीर चेहऱ्याने मान डोलावली. "आहे की!"

ड्रायव्हरने माझ्याकडे असं बघितलं, की बघा, पुरुषमाणसाचं काम कसं चटकन होतं! तेवढ्यात हे माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "अगं, ते काय असतं?"

*

तर नाखव्याची गाडी.

हरिश्चंद्र नाखवा रेवदंड्याचे. बोटीचे मालकही तेच आणि कप्तानही तेच, म्हणून नाखवा. बोलणं असं की बंदरावरून बोलले तर पुलापलीकडे ऐकू जावं. त्यांच्याकडे एक जुनी दुधी रंगाची गाडी आहे, पूर्वी मुंबईत टॅक्सी म्हणून चालायच्या त्याच जातीची. मासळीच्या एका चांगल्या हंगामात त्यांनी ती मुंबईच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून घेतली, आणि तेव्हापासून तिला पोटच्या पोरीसारखी सांभाळली. पत्र्याला खारा वारा लागू नये म्हणून ते तिला गोड्या पाण्याने पुसतात. घरात पाण्याची बोंब असली तरी!

ह्या गाडीचं स्टेअरिंग म्हणजे जुन्या पद्धतीचं. चाकाखाली लांब दांडा, त्याच्या टोकाला दातांची एक पेटी, आणि पुढे लोखंडी हातांची रांग. उभ्या गाडीत ते फिरवायचं तर माणसाने सकाळी नीट जेवून यावं. नाखव्याला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. पण डाव्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि तो हात जेमतेम गिअरपुरता उठायला लागला. उरलेल्या एका हाताने ते स्टेअरिंग कसं ओढणार?

नाखव्याने युक्ती काढली. वळायचंच नाही! बाजारात जायचं झालं की घरून सरळ बाजारात, तिथे गाडी वळवता येत नाही म्हणून सरळ पुढे, खाडीवरचा पूल ओलांडून पलीकडे साळावला. तिथे मोकळी जागा आहे, तिथे भलीमोठी गोल चक्कर मारायची, आणि पुन्हा पूल ओलांडून घरी.

एकदा कोथिंबीर आणायला नवरा-बायको निघाले. बाजार आला, गाडी थांबेना. "अवो, बाजार गेला!" नाखवीण ओरडली.

"येताना घेव."

येताना घेतली. घरी आल्यावर शेजारणीने नाखविणीला विचारलं, "एवढा येळ? खय गेलेलाव?"

नाखवीण म्हणाली, "कोथमीर घ्याला गेलेलो. येईस्तवर सुकली!"

*

आता जी हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती, ती सांगते.

नाखव्याची मुलगी मनीषा वाशीला असते, नोकरी करते. दिवाळीला माहेरी आली तेव्हा बापाच्या शेजारी बसून निघाली. रेवदंड्याच्या किल्ल्याच्या तटातून रस्ता जातो ना, तिथे वळण घेताना नाखव्याचा एक हात कमी पडला. गाडीचा कान, म्हणजे बाजूचा आरसा, दगडाला घासला आणि समोरून येणाऱ्या एसटीने कचकन ब्रेक मारला. कुणाला काही झालं नाही, पण पोरगी पांढरीफटक पडली.

घरी येऊन तिने सांगून टाकलं. "बाबा, गाडी विकायची. शिमग्याला येईन तेव्हा घेणारा माणूस सोबत घेऊन येईन."

तिचं काही चुकलं नव्हतं. माझा बाप असता तर मीही हेच म्हटलं असतं.

नाखव्याने खूप आदळआपट केली. शेवटी मनीषा म्हणाली, "ठीक आहे. शिमग्याला मला एका हाताने, जोर न लावता गाडी वळवून दाखवा. मग मी विकायचं नाव काढणार नाही."

दुसऱ्या दिवशी नाखवा माझ्या दुकानात. "वयनी, मना जरा हलक्यातला स्टेअरिंग दाखवा."

जशी काही मी लुगडी विकते! मी म्हटलं, "नाखवा, हल्लीच्या छोट्या गाड्यांना रॅक असतो. एक दातेरी दांडा असतो, तो डावा-उजवा सरकतो आणि चाकं वळवतो. मधे पेटीबिटी काही नाही. तुमच्या गाडीला तो बसवतात लोक. पण काम खटपटीचं आहे, आणि गाडी जुनी आहे."

नाखवा स्टुलावर बसले. आवाज एकदम खाली आला. "वयनी, बोट पुतन्याकरं दिली. आता तो सांगल तवा निघते, तो सांगल तवा लागते. माज्या सांगन्यावर चालनारी ही एकच उरली."

मी त्याच संध्याकाळी मुंबईला फोन लावला.

*

रॅक मुंबईहून आला तो भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला. उतरवून घ्यायला नाखवा स्वतः गेले होते. रॅक म्हणजे हातभर लांब नळकांडं, दोन्ही टोकांना रबराचे भाते, गोणपाटात गुंडाळलेला. धक्क्यावरच्या हवालदाराला संशय आला.

"काय आहे हे?"

"स्टेअरिंग हाय साहेब."

हवालदाराने गोणपाट सोडलं. "ह्याला काय स्टेअरिंग म्हणतात? गोल कुठाय?"

"गोल घरी हाय."

"आणि गाडी?"

"ती पन घरी हाय."

हवालदार हुशारला. "म्हणजे गाडी घरी, चाक घरी, आणि तुम्ही हे घेऊन इथे. मग आलात कशाने?"

नाखव्याचा पारा चढला. सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "रिक्षानं आलो! गाडीचं स्टेअरिंग तुमच्या हातात हाय, तर गाडी कशी आनू?"

हवालदाराने रॅक मुकाट्याने परत गुंडाळून दिला. वर सुतळीची गाठही मारून दिली म्हणे.

*

काम नाखव्याच्या अंगणात सुरू झालं, जाळी वाळवायच्या मांडवाखाली. मिस्त्री आमचा दिलीप. त्याचं गॅरेज चौलला, पण गाडीचं स्टेअरिंग एकदा सोडलं की ती जागची हलणार नाही, म्हणून पान्यांची पेटी घेऊन तोच रोज यायचा. जोडीला अन्वरभाई लेथवाले. जुना दांडा आणि नवा रॅक यांना जोडणारा तुकडा त्यांनी घडवायचा होता. दिलीपला घाई, अन्वरभाईंना तसल्ली.

"भाई, तुकडा कधी देताय?"

"इन्शाअल्ला, उद्या."

"काल पन उद्याच बोललात!"

"मग? उद्या बदलला का?"

रॅक बसवायचा कुठे, ह्यावर दोघांचं मोठं भांडण झालं. छोट्या गाडीत तो चाकांच्या मागच्या बाजूला असतो. इथे मागे इंजिनाचं पोट आड यायचं. शेवटी दिलीपने तो पुढे बसवायचं ठरवलं, चाकांचे हातही पुढे काढून घेतले आणि वेल्डिंग करून मोकळा झाला. दोघंही खूश झाले.

मग चाकं एका रेषेत आहेत का बघायला दिलीपने गाडीच्या दोन्ही अंगांना नायलॉनचा दोरा ताणून बांधला. दोऱ्यापासून चाक किती आत, किती बाहेर, हे मोजायचं. दोरा नाखव्याच्याच जाळ्यातला. सगळं नीट बांधून झालं आणि मंडळी जेवायला गेली.

परत येऊन बघतात तो दोऱ्यावर ओळीने बोंबील! नाखविणीने वाळत घातलेले.

दिलीप कपाळाला हात लावून बसला. "काकी, हे काय केलंव!"

"दोरी बांधलेली दिसली. मना वाटला, पयल्यांदा कोनीतरी माज्यासाटी काय केला!"

आता बोंबील काढायचे तर दोरा हलणार, आणि दोरा हलला तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. अन्वरभाई वाकले, एक डोळा मिटला, आणि शांतपणे म्हणाले, "दिलीप, राहू दे. उजवं चाक बरोबर आहे. डावं एक बोंबील बाहेर आहे."

दिलीपने डावं चाक एक बोंबील आत घेतलं. नंतर टेपने मोजलं, तर खरंच बरोबर बसलं होतं.

*

मनीषाचा रोज फोन यायचा. बापाची काळजी म्हणून, आणि काम कुठवर आलं ते बघायला म्हणूनही. काम मात्र पुढे सरकत नव्हतं. नाखव्याला हे तिला कळू द्यायचं नव्हतं.

एका संध्याकाळी तिने व्हिडिओ कॉल केला. नाखवा घाईघाईने गाडीत जाऊन बसले. फोन नाखविणीच्या हातात.

"बघ, कसा हलका झाला!" नाखवा एका हाताने स्टेअरिंग गरागरा फिरवून दाखवायला लागले. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. चेहऱ्यावर हसू.

मनीषा थक्क. "बाबा, खरंच? एका हाताने?"

"येका बोटानं पन फिरल!"

मी तिथेच उभी होते. मला हसू आवरेना, कारण दांडा अन्वरभाईंच्या लेथवर पडला होता. स्टेअरिंग कशाला जोडलेलंच नव्हतं, नाखव्याने ते पोटाशी टेकवून धरलं होतं!

तरी निभावलं असतं. पण तेवढ्यात रस्त्यावरून कुणीतरी हाक मारली, "नाखवा, कसं काय?"

आणि नाखव्याने सवयीने खिडकीतून हात बाहेर काढून हलवला. हातातल्या स्टेअरिंगसकट!

 मग मनीषा म्हणाली, "आई, बाबांना सांग, गाडी चालू असताना लोकांना हात करू नका."

*

हॉर्नचा किस्सा सांगायलाच हवा, कारण त्यात आमचे हे सापडले.

दांडा जोडून झाला, पण हॉर्नची तार कुठेतरी दबली. स्टेअरिंग डावीकडे फिरवलं की हॉर्न वाजायचा. दिलीप दिवसभर गाडीखाली आणि नाखवा वर बसून फिरवतायत. पॉऽऽ! पॉऽऽ!

आता रेवदंड्याच्या त्या आळीत बर्फाचा टेम्पो येतो तो असाच हॉर्न वाजवत. पहिल्यांदा पॉऽऽ झालं तेव्हा आळीतल्या साऱ्या बायका मासळीचे टप घेऊन धावत आल्या. टेम्पो नाही. शिव्या घालत परत गेल्या. दुसऱ्यांदा वाजला, पुन्हा आल्या. तिसऱ्यांदा फक्त एक म्हातारी आली, तीही नाखव्याला चार शब्द सुनवायला.

मग खरा टेम्पो आला. त्याने खूप हॉर्न वाजवला. एकही बाई उंबऱ्याबाहेर पडली नाही. बिचारा कंटाळून निघून गेला.

हे कळलं तेव्हा जो गोंधळ झाला तो काय सांगू! सगळ्या बायका नाखव्याच्या अंगणात. दिलीप गाडीखालून बाहेरच येईना. नाखवा जाळ्याआड. आणि आमचे हे, नुसते सोबतीला म्हणून आलेले, स्वच्छ पांढऱ्या शर्टात खुर्चीवर बसलेले, तेवढे तावडीत सापडले. बर्फाच्या कारखान्यापर्यंत रिक्षा करून, मांडीवर गोणपाटात बर्फाची लादी घेऊन ह्यांना दोन खेपा कराव्या लागल्या. घरी आले ते कमरेपासून खाली गारठलेले.

त्या रात्री नाखवा जेवायला बसले, तर ताटात नुसता भात.

"कालवन?"

नाखवीण म्हणाली, "हॉर्न वाजवा. येल."

*

आणि आता शिमगा.

होळीच्या दिवशी सकाळी काम संपलं. हॉर्न गप्प झाला होता. चाकं जॅकवर उचलून शेवटची तपासणी झाली. नाखवा आत बसले, दिलीप गाडीच्या समोर, गाडीकडे तोंड करून उकिडवा बसला.

"डावीकरं फिरवतो!" नाखवा.

"वळलं डावीकडे! आता उजवीकडे!"

"उजवीकरं!"

"एकदम बरोबर!"

नाखविणीने नारळ फोडला. अन्वरभाईंनी मनातल्या मनात काहीतरी म्हटलं. स्टेअरिंग खरोखरच एका बोटाने फिरत होतं. मी फिरवून बघितलं, लोण्यासारखं!

दुपारी मनीषा आली. सोबत गाडी बघायला आलेले एक गृहस्थ, मुंबईचे, जुन्या गाड्यांचे शौकीन. मनुष्य सभ्य होता. गाडीभोवती फिरून त्यांनी टपावरून हात फिरवला, तेव्हा नाखव्याने तोंड दुसरीकडे वळवलं.

नाखव्याच्या अंगणासमोरच होळीचं मैदान. मधोमध सुपारीचं उंच झाड उभं केलेलं, त्याला पताका आणि हार. सगळी आळी जमलेली. मिस्त्री म्हणून पहिली चक्कर दिलीपने मारायची असं ठरलं. गाडी अंगणातून सरळ बाहेर आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. झाड चुकवायला दिलीपने स्टेअरिंग डावीकडे घेतलं.

गाडी उजवीकडे वळली. थेट झाडाकडे!

दिलीपने आणखी डावीकडे घेतलं. गाडी आणखी उजवीकडे! बायका किंचाळल्या. "ब्रेक! ब्रेक!" अन्वरभाई ओरडले. गाडी थांबली तेव्हा बंपर आणि झाड यांच्यात एक वीत अंतर उरलं होतं.

दिलीप खाली उतरला. त्याचा चेहरा बघवत नव्हता. "रॅक मागचा पुढं आनला ना, तो पलटी मारून बसवाला पायजे व्हता. आता चाकं उलटी वळतात. आणि मी समोर बसून बघत व्हतो. माझं डावं ते गाडीचं उजवं. मना कळलाच न्हाय."

 ते गृहस्थ हळूच म्हणाले, "माझी काही हरकत नाही. मी अशीच ट्रकवर घालून नेईन."

मनीषा बापाजवळ गेली. रागावली नव्हती, आणि तेच जास्त वाईट होतं. "बाबा, बघितलंत ना? तुम्ही खूप केलंत. आता बस झालं."

नाखवा गाडीकडे बघत होते. "मी न्हाय अजून बसलो."

"बाबा, स्टेअरिंग उलटं आहे! दिलीपदादाला जमलं नाही!"

तेव्हा नाखवीण पुढे आली. एरवी नवऱ्याला धारेवर धरणारी बाई, पण त्या दिवशी तिने लेकीचा हात धरला. "बसू दे त्यांना. एकदा बसू दे. मग गाडी कोनाला द्यायची त्याला दे."

लोकांनी पोरं मागे ओढली. मैदान मोकळं झालं. नाखवा आत बसले, डावा हात मांडीवर ठेवला, उजवा स्टेअरिंगवर. गाडी हळूहळू मागे घेतली. झाडापासून दूर केली. मग पहिला गिअर टाकला.

मी डोळे मिटून घेणार होते, पण मिटले नाहीत ते बरं झालं. गाडी झाडाच्या डाव्या अंगाने गेली, सुरेख वळली आणि झाडाभोवती पूर्ण फिरली. कुठे अडखळली नाही, कुठे हात थबकला नाही. मग नाखव्याने ती उलट बाजूने वळवली आणि तशीच दुसरी चक्कर मारली. एका हाताने! नजर समोर, बोनेटच्याही पुढे कुठेतरी लांब. गाडी येऊन मनीषाच्या पुढ्यात थांबली, होडी धक्क्याला लागते तशी, जराही धक्का न देता.

 माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला सांगू. आमचे हे शेजारी उभे राहून नाक पुसत होते.

मनीषा खिडकीशी वाकली. "बाबा, उलट्या स्टेअरिंगवर कसं काय जमलं?"

"उलटा?" नाखवा खवळलेच. "बोटीच्या सुकानूचा दांडा डावीकरं लोटला का बोट उजवीकरं जाते. जल्मभर तसाच चालवला! येवढी वर्सं हीच गाडी उलटी व्हती. आज कुटं सरल झाली!"

मग काय हशा पिकला! दिलीप तर खालीच बसला. ते मुंबईचे गृहस्थ टाळ्या वाजवत होते, आणि मनीषाकडे बघून त्यांनी स्वतःच नाही अशी मान हलवली.

हसणं ओसरल्यावर दिलीप पाना घेऊन पुढे आला. "नाखवा, उतरा आता. रॅक पलटी करून देतो. अशी रस्त्यावर नेता यायची न्हाय."

नाखवा उतरेनात. दोन्ही काचा वर करून बसले.

"मनीषा, तू तरी सांग ना तुझ्या बापाला!"

मनीषाने पुढचं दार उघडलं, आईला आत बसवलं. मागचं दार उघडलं, स्वतः बसली आणि काच अर्धी खाली करून म्हणाली, "दिलीपदादा, तुम्ही उद्या या!"

आणि नाखव्याने स्टेअरिंग डावीकडे फिरवून गाडी उजवीकडे, होळीला प्रदक्षिणा घालायला काढली.